रोगण

आमच्या पिंपळीच्या घरात, सोप्यात, आजोबांचं तैलचित्र आहे. पाहुणे म्हणतात, "फेटा काय झ्याक काढलाय!" मी गप्प बसतो. त्या फेट्यावरचा तळहाताएवढा तुकडा माझा नाही.

१९८७ साली मी चित्रकलेची इंटरमीजिएट ग्रेडची परीक्षा पास झालो होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी खात्री होती. आषाढात आजोबांचं वर्षश्राद्ध. फोटोवरून चित्र केलं, ज्येष्ठाच्या अखेरीला सही ठोकली. पण काळा कोट कुठे चमके, कुठे राखेसारखा फिका दिसे. कॅनव्हासनं तेल ओढलं की रंग असा बसतो. त्यावर उतारा रोगणाचा.

बारामतीत पाट्या रंगवणारे एक पेंटरकाका होते. पोटासाठी दुकानांच्या पाट्या, हौसेसाठी लोकांच्या आईबापांची तैलचित्रं. राळेचे पिवळट खडे ते मलमलीच्या फडक्यात बांधायचे आणि ती पुरचुंडी दोऱ्यानं टर्पेंटाइनच्या बरणीत लटकवायचे, तळाला न टेकवता. दोन-तीन दिवसांत राळ विरघळून खाली उतरायची, काडीकचरा फडक्यात राहायचा. हेच रोगण. त्यातली एक बाटली त्यांनी मला भरून दिली. "फाल्गुनात लाव. टर्पेंटाइन उडून जातं, तेल उडत न्हाई. ते हवा खाऊन आतनं घट्ट होतं. वरनं कोरडं दिसलं म्हणून फसू नको."

मी फसलो. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून पिंपळीवरून काटेवाडीकडे गेली, त्याच संध्याकाळी पावसाच्या ओल्या हवेत मी रोगण फासलं. सकाळी आजोबांच्या तोंडावर ताक सांडल्यासारखी पांढुरकी साय.

काका सायकल मारत आले. टर्पेंटाइनचा बोळा फेट्यावर हलकेच फिरवला आणि लगेच थांबले. बोळा माझ्यापुढे धरला. लाल झाला होता. "हे बघ, तुझं आजोबा निघाले." आणखी काही बोलले नाहीत. खिशातून रंगाची ट्यूब काढली, पुसला गेलेला फेटा बसल्या जागी भरून दिला. श्राद्धाला चित्र तसंच, सायीसकट टांगलं.

फाल्गुनात ते स्वतः आले. आधी ती साय, रंगाला धक्का न लावता, काढली. आदल्या रात्री जमीन पुसून घ्यायला लावली होती. रस्त्यावर उसाच्या गाड्या, धूळ कुठूनही येते. दारं-खिडक्या लावल्या, चित्र आडवं ठेवलं, चपट्या ब्रशनं उभा हात, मग आडवा. एकदा गेलेल्या जागी परत जायचं नाही. काम चालू असताना देव्हाऱ्यावरच्या लक्ष्मीकडे मान वळवली. ती रविवर्म्याच्या छापखान्यातली. १८९४ साली मुंबईत निघालेला तो छापखाना पुढे मळवलीला गेला. तिथली छापील चित्रं ऑइलची वाटावीत म्हणून त्यांवरही रोगण चढवत. "कावीळ झाल्यागत दिसतीय नव्हं? रंग न्हाईत पिवळे, रोगण पिवळं पडलंय. रोगण असं द्यावं, की मागनं येणाऱ्याला ते काढता यावं."

"काका, किती द्यायचं?"

"ब्रश धू."

पुढे मी चित्रकलेचा शिक्षक झालो, हातात पैसे आले. तोवर फ्लेक्सनं पाट्यांचा धंदा खाल्ला होता. त्यांच्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकत होती. शेजारच्यानं सांगितलं, पेंटर वारले, दोन वर्षं झाली.

गेल्या वर्षी मी ते रोगण काढलं. जुनी राळ नुसत्या टर्पेंटाइनला दाद देत नाही, थोडं स्पिरिट मिसळावं लागतं. बोळ्यांवर कोऱ्या चहाचा रंग उतरला. फेट्यापाशी हात जड झाला, पण यावेळी बोळा लाल झाला नाही. त्यांचा तुकडा माझ्या रंगाहून जरा गडद आहे, उन्हात वेगळा कळतो. मी तो सारखा करून घेतलेला नाही.

बाहेर पाऊस आहे. नवं रोगण फाल्गुनात.