असल्फ्याच्या पायऱ्या

२००३ साली 'तेरे नाम' लागला आणि बघता बघता मुंबईतल्या असल्फ्याच्या आमच्या डोंगरावरच्या निम्म्या पोरांनी मधोमध भांग पाडला. त्या सिनेमात हिरो पोरीला पळवून नेतो आणि मग तिला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. मी तेव्हा दहावीत होते. कपाळावर दोन्हीकडून केस सोडलेली ती पोरं पायऱ्यांवर बसायची आणि खाली उतरायला आमच्या गल्लीला दुसरी वाट नव्हती. शाळा खाली, रेशनचं दुकान खाली, सार्वजनिक संडासही खाली. हातात डबा घेऊन निघालेल्या मुलीला शिट्टी मारण्यात कसला रोमान्स असतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्यातल्या एकानं माझ्यावर फिल्डिंग लावलीय हे मला त्याच्या तोंडून कळलं नाही. एका संध्याकाळी त्याचे मित्र मला बघून सरकले आणि एक जण म्हणाला, "ए, वहिनीला जायला जागा दे रे." झालं, माझ्यापुरता निकाल लागला. बाकीच्या पोरांनी माझ्याकडे बघणं सोडलं, आणि एकदोन मैत्रिणींना चक्क माझा हेवा वाटला. दिसायला पोरगा बरा होता. पण मला नको होता.

तसं मी सगळ्यांदेखत सांगितलं. तो हसला. मित्र म्हणाला, "भाव खातेय." मग क्लासपर्यंत मागे येणं, नळावर घुटमळणं, पिठाच्या गिरणीत उगाच रांग लावणं. पुढे त्यानं ब्लेडनं हातावर माझं आद्याक्षर कोरलं. नाव लांब आहे माझं, एका अक्षरावर भागवलं असावं.

घरी सांगायचं नाही, हे आम्हा मुलींना कुणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. आमच्या वरच्या गल्लीतल्या एकीनं सांगितलं होतं. तिचा भाऊ जाऊन त्या पोराचं डोकं फोडून आला. पोराला टाके पडले आणि हिची शाळा सुटली. वर्षाच्या आत गावाकडे लग्न लावून दिलं. आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तू हसली असशील." म्हणून आम्ही आमचा बंदोबस्त केला होता. संडासला जाताना चौघी-पाचजणी, अंधारात तर नक्कीच. रक्षाबंधनाला मात्र पायऱ्या मोकळ्या असायच्या. राखीच्या धाकानं पोरं सकाळीच पसार.

आता थोडं त्यांच्याही बाजूनं. माझ्या जिवलग मैत्रिणीला एक जण पहिल्या दिवसापासून आवडत होता, तरी तिनं त्याला कितीतरी महिने नाहीच म्हटलं. लगेच हो म्हणणारी मुलगी 'चालू' ठरते, मग करणार काय? शेवटी ती हो म्हणाली, आणि ते सगळ्या डोंगराला कळलं. पुढच्या पोरानं त्यातून काय धडा घ्यायचा? होकार उघड देता येत नाही अशा ठिकाणी नकारावर कोण विश्वास ठेवणार? ब्लेडवाल्याला मी माफ केलेलं नाही. पण त्याच्या डोक्यात ते कुठून आलं, हे मला ठाऊक आहे.

मलाही कुणीतरी आवडत होतंच. आयटीआयला फिटरचं शिकणारा एक जण. सुरुवात त्यानंही तशीच केली, रोज बसस्टॉपवर उभा. मी म्हटलं, "इथे थांबू नकोस, बाबांचे मित्र इथेच रिक्षा लावतात." दुसऱ्या दिवशी तो नव्हता. नंतरही आला नाही. शेवटी मीच वाण्याच्या दुकानातल्या फोनच्या डब्यात रुपया टाकला.

भेटायचं कुठे, हा खरा प्रश्न. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, आणि बाहेर प्रत्येक खिडकी ओळखीची. पवईचा तलाव, कधीतरी बँडस्टँड. तिथे एकदा हवालदारानं गाठलं. पोलीस कायद्याचं कलम ११०, बाराशे रुपये दंड, नाहीतर घरी फोन. आम्ही नुसते शेजारी बसलो होतो. दोघांचे मिळून होते ते पैसे त्यानं घेतले आणि पावती दिली नाही. आमच्या पायऱ्या चढून आलेला हवालदार मात्र मी कधी पाहिला नाही. फिटरशी माझं लग्न झालं नाही; जात आडवी आली, तो वेगळा विषय.

२०१३ साली मुलीचा पाठलाग करणं कायद्यानं गुन्हा झाला. तेव्हाचं ३५४ ड, आता न्याय संहितेत ७८. २०१४ला मेट्रो आली, पुढे डोंगराच्या भिंती रंगल्या, फोटो काढायला लोक येऊ लागले. पोरं अजून पायऱ्यांवरच असतात, फक्त माना मोबाइलमध्ये. छळ इन्स्टावर चालतो.

माझी भाची सोळा वर्षांची आहे. खोट्या अकाउंटवरून तिला कुणीतरी घाणेरडं लिहीत होतं. कलम मी सांगितलं, तर म्हणाली, "मावशी, तक्रार केली तर आधी माझा फोन जाईल." तिचंही खरंच. मग आम्ही दोघींनी स्क्रीनशॉट काढून माझ्या फोनमध्ये ठेवले.

गेल्या महिन्यात तिनं दुसरंच काढलं. क्लासमधल्या एकाला तिनं गेटवर थांबू नकोस म्हटलं, तर तो खरंच थांबायचा बंद झाला. आता मेसेज करू का, असं विचारत होती. मी आधी त्याचं वय विचारलं. एकोणीस. मग पॉक्सो समजावला: अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही, उद्या तुझ्या बापानं तक्रार केली तर तो पोरगा आत जाऊ शकतो. ती बराच वेळ गप्प बसली. आतून ताईनं विचारलं, काय चाललंय एवढं?

"गणिताचं," भाची म्हणाली.