कान्हेरीच्या वाटेवरील घोणस

गेल्या पौषांतील एका रविवारीं आम्ही धाकट्या बंधूस सोबत घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीचीं लेणीं पाहावयास गेलों होतों. परततांना सूर्य कलला होता. एका वळणावर, डांबरी रस्त्याच्या मध्यभागीं, सायकलचा जुना टायर पडल्याचा भास झाला. तोंच तो टायर हलला!

“दादा, अजगराचें पिल्लू!” असें ओरडून बंधु पुढें धांवला. आम्हांसही तेंच वाटलें. असा देखावा पुन्हां दिसावयाचा नाहीं, म्हणून आम्हीं खिशांतून मोबाईल काढला आणि, सांगावयास लाज वाटते, “आणखी जरा जवळ बैस, म्हणजे तूंही छायाचित्रांत येशील,” असें त्यास सांगितलें.

त्याच क्षणीं कुकरची वाफ सुटावी तसा दीर्घ फूत्कार झाला. रिकामी पाटी घेऊन मागून येणारी बोरें विकणारी एक आजी ओरडली, “मागं सर रं पोरा! आजगर नाय, घोनस हाय ती!” आम्हीं बंधूस खसकन् मागें ओढलें.

आजींनीं दुरूनच फरक दाखविला. अजगराच्या अंगावर वेडेवांकडे मोठे डाग असतात. घोणशीच्या पाठीवर सांखळीच्या कड्यांसारखे लंबगोल ठिपके तीन ओळींत असतात. अमेरिकेंतील रॅटलस्नेक शेपटीचा खुळखुळा वाजवून बजावतो. आपली घोणस फूत्कारानें बजावते. इतक्यांत एका वाटसरूनें दगड उचलला. आजींनीं त्यास थांबविलें. तापलेल्या डांबराची ऊब घेत पडलेली ती घोणस थोड्या वेळानें पाचोळ्यांत दिसेनाशी झाली.

घरीं येऊन वाचलें, तेव्हां अंगावर कांटा आला. नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांच्या विषावर घोड्यांच्या रक्तापासून केलेलें एकच प्रतिविष चालतें. म्हणून दंश झाल्यास मंत्रतंत्रांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. घोणशीस मारणें वा पकडणें हाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे.

तें छायाचित्र अजून आमच्याजवळ आहे. त्यांत घोणस अस्पष्ट आली आहे. स्पष्ट आला आहे तो बंधूचा हात, तिच्यापासून जेमतेम वीतभर दूर. आईनें तें पाहिलें आणि ती एक शब्दही बोलली नाहीं. पुढच्या रविवारीं मात्र ती आम्हां दोघांस घेऊन उद्यानांत गेली, आजींना शोधून काढलें आणि त्यांची पाटीभर बोरें विकत घेतलीं.