गोळीचं खरं नाव

सहा वर्षं! सहा वर्षं मी रोज रात्री जेवणानंतर कोलेस्टेरॉलची गोळी घेतोय आणि तिचं नाव मला परवा कळलं!

म्हणजे ब्रँडचं नाव तोंडपाठ होतं. पण परवा नेहमीच्या दुकानात गोळी संपलेली, म्हणून मागच्या गल्लीतल्या जनऔषधी केंद्रात शिरलो. काउंटरवरच्या मुलीनं माझी रिकामी स्ट्रिप उलटी केली. ‘काका, हे वाचा.’ कपाळावरचा चष्मा खाली ओढला. ‘अ‍ॅटोर्वास्टॅटिन टॅबलेट्स आयपी, १० मिग्रॅ.’ तिनं कपाटातली एक साधीसुधी स्ट्रिप शेजारी ठेवली. अक्षरन् अक्षर तेच! आणि दहा गोळ्या एका वडापावपेक्षा स्वस्त!

‘डुप्लिकेट तर नाही ना?’ मी हळूच विचारलं. ती हसली. ‘काका, तुमची ब्रँडवालीसुद्धा जेनेरिकच आहे.’

काय सांगता! पण खरंच की! मूळ गोळी फायझरची लिपिटॉर, १९९७ साली अमेरिकेत आलेली. तिथलं पेटंट २०११ मध्ये संपलं. आपल्याकडच्या कंपन्या तेच रसायन आपापलं नाव ठेवून विकतात. म्हणजे इतकी वर्षं मी बारशाचा खर्च भरत होतो! आणि ते ‘आयपी’ म्हणजे इंडियन फार्माकोपिया. गोळीत औषध किती हवं, ती किती वेळात विरघळायला हवी, याचं मोजमाप. दोन्ही स्ट्रिपांना एकच!

त्या रात्री झोप कुठली! वाचत बसलो. या स्टॅटिन घराण्याचा मूळपुरुष चक्क बुरशीत सापडला! अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञानं हजारो बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीत त्याला हवा तो पदार्थ मिळाला. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमची वाट अडवणारा!

सकाळी डॉक्टरांना गाठलं. ‘खुशाल घ्या,’ ते म्हणाले, ‘फक्त मिग्रॅ तेच बघा. काही स्ट्रिपांत अ‍ॅस्पिरिनही मिसळलेलं असतं, तेव्हा पूर्ण नाव जुळवा. आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करा.’

आता औषधांचा अख्खा डबा जेवणाच्या टेबलावर उलटा केलाय. हिची बीपीची गोळी टेल्मिसार्टन निघाली! मी ओरडून सांगितलं, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘अहो, गोळी जेवणानंतरची आहे. आधी ताटं ठेवायला जागा करा!’