अम्मीची नानखटाई आणि माझा वजनकाटा

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मिरजेतल्या बेकरीसमोर परातींची रांग लागते. नानखटाईचं पीठ घरी मळायचं, परातीवर फडकं टाकून बेकरीत न्यायचं, तिथले पत्रे घेऊन तिथंच गोळे वळायचे आणि पत्र्यावर नावाची चिठ्ठी ठेवून भट्टीची पाळी यायची वाट बघायची. पूर्वी आमच्या घरात परात नेण्याचं काम अब्बांचं. सायकलच्या कॅरिअरला परात बांधून ते चालत जायचे, सायकल हातात धरून. अब्बा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. हृदयविकाराचा झटका, वय ५८. भाऊ दुबईत, म्हणून अम्मी माझ्याकडे असते. परात मी स्कूटीवरून नेते.

दोन वर्षांपूर्वी, शाबानच्या महिन्यात, शाळेच्या आरोग्य तपासणीत माझं वजन भरलं ८४ किलो. उंची पाच फूट दोन इंच. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीत आकडा आला ६.२. डॉक्टर म्हणाले, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अम्मीला अठरा वर्षांपासून शुगर, अब्बांचं ते तसं. मी उंबरठ्यावर उभी, आणि आतली माणसं तर माझ्याच घरची. घाबरले, हे कबूल करते.

वजन कसं उतरलं ते फार सांगण्यासारखं नाही. सकाळी फजरनंतर पाऊण तास चालणं, रात्रीचं जेवण लवकर, भात अर्धा, आणि स्वयंपाकघरात पीठ मोजायचा छोटा वजनकाटा. चौदा महिन्यांत ८४ चे ७१ झाले. डॉक्टरांच्या तक्त्यात मी अजूनही जाडच आहे, कारण आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआय २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. पण गुडघे आता तक्रार करत नाहीत. मोहल्ल्यातल्या बायका मात्र करतात. "क्या गे, बिमार है क्या? मूँ उतर गया तेरा." जाड होते तेव्हा कुणी तब्येत विचारली नव्हती.

खरी अडचण गोडाची. आमच्याकडे गोड हा खाण्याचा पदार्थ नाही, तो बोलण्याचा प्रकार आहे. मुलगा पास झाला तर गोड, कुणी हजहून आलं तर गोड, भांडण मिटलं तर गोड. नको म्हणणं म्हणजे समोरच्याच्या आनंदाला नको म्हणणं. आणि मला स्वतःलाही गोड सोडायचं नव्हतं. दोन वेळा सोडून पाहिलं होतं. दोन्ही वेळा तीन आठवड्यांनी कुणाच्या तरी लग्नात मी जर्द्याच्या ताटावर अशी बसले की मागचं सगळं भरून निघालं. म्हणून या वेळी ठरवलं की गोड घरातच करायचं, ओव्हनमध्ये, आणि हलकं करायचं.

सुरुवातीला मी तेच केलं जे सगळे करतात. साखरेऐवजी गूळ, मैद्याऐवजी कणीक, आणि मनाला समाधान. खजूर-काजूचे 'बिनसाखरेचे' लाडू केले, गव्हाच्या पिठाचा गुळाचा केक केला आणि रोज मोठ्या विश्वासानं खाल्ला. त्या आठवड्यात वजन ८०० ग्रॅमनी वाढलं. मग रात्री वही घेऊन बसले. १०० ग्रॅम साखरेत साधारण ३९० कॅलरी, गुळात ३८०. मैद्यात ३५०, कणकेत ३४०. खजुरात २८०, पण त्यात जे काजू मिसळले होते त्यांच्यात साडेपाचशेच्या वर. गुळाला चव आहे, कणकेत कोंडा आहे, खजुरानं रोजा सोडण्याची गोडी आहे, हे सगळं खरं. पण वजनाच्या हिशेबात मी फक्त कपडे बदलले होते, माणूस तोच होता.

मग अम्मीच्या नानखटाईचा हिशेब मांडला. ती वाटीनं मोजते, मी तिच्या वाट्या काट्यावर ठेवल्या. मैदा २५० ग्रॅम, बेसन ५०, पिठीसाखर २००, तूप २००. वेलची, जायफळ आणि चिमूटभर खायचा सोडा. ७०० ग्रॅम पिठाच्या तिच्या हाताच्या अंदाजानं २८ नानखटाया होतात. एकूण कॅलरी साडेतीन हजारांच्या वर, म्हणजे एका नानखटाईत १३०. यातला निम्मा वाटा एकट्या तुपाचा, कारण एक ग्रॅम साखर चार कॅलरी देते आणि एक ग्रॅम तूप नऊ. चहाबरोबर आम्ही चार सहज खातो. त्या चारांत साखरच २८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा.

अम्मी दारातून बघत होती. मी काट्यावर तिची तुपाची वाटी ठेवलेली. ती एवढंच म्हणाली, "मेरे हात का खाने कू अब काटा लगता क्या गे तेरेकू?" आणि आत निघून गेली. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मला वाटलं, हलकी आणि तितकीच चांगली नानखटाई करून दाखवली की राग जाईल. तूप निम्मं केलं, त्याजागी दही घातलं. पत्र्यावर छान फुगली, गार झाल्यावर दगड. धाकट्यानं चावून बघितली आणि म्हणाला, "मम्मी, हे बटर आहे." आमच्याकडे बेकरीत मिळणारं ते कडक बटर, चहात बुडवल्याशिवाय न तुटणारं. त्याचं बरोबर होतं. तूप पिठाच्या कणाकणाला लेप देतं, म्हणून पाणी आत शिरून पिठाचा चिवटपणा जागा होत नाही आणि नानखटाई तोंडात विरघळते. मी तूप काढून दह्याचं पाणी घातलं, म्हणजे तिचा प्राणच काढला. शिवाय हिशेब केला तर त्याच आकाराच्या एका नगामागे वाचल्या किती, तर वीस-पंचवीस कॅलरी. त्यासाठी एवढं पाप?

मग इरिथ्रिटॉल आणलं, साखरेसारखं दिसणारं, जवळजवळ शून्य कॅलरीचं आणि खिशाला चांगलं जड. नानखटाईला रंग येईना, कारण ते साखरेसारखं भाजून तांबूस होत नाही. खाल्ल्यावर जिभेवर पेपरमिंटसारखा गारवा. वेलची आणि गारवा म्हणजे पान खाल्ल्यासारखं वाटलं. आणि इफ्तारनंतर तीन-चार खाऊन मी तरावीहला उभी राहिले तर घरच्या त्या शांततेत माझं पोटच मोठ्यानं बोलायला लागलं. तो डबा अजून कपाटात आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

या सगळ्या फजितीतून एक गोष्ट मात्र कळली. काही गोड पदार्थांचं अंग तुपाचं असतं, ते हलके होत नाहीत. पण काहींचं अंग हवेचं किंवा पाण्याचं असतं, ते मुळातच हलके असतात आणि आपण उगाच त्यांना विसरलेलो असतो.

हवेचा म्हणजे साधा अंड्याचा स्पंज. चार अंडी, ८० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मैदा, संत्र्याच्या सालीचा कीस. तूप नाही, तेल नाही, बेकिंग पावडरही नाही. अंडी आणि साखर आठ-दहा मिनिटं फेटायची, इतकी की बीटर वर उचलला तर पडणारी धार वर काही क्षण रेघेसारखी टिकली पाहिजे. मग मैदा चाळून हलक्या हातानं, खालून वर घेत मिसळायचा. इथं घाई केली की हवा गेली. १७० डिग्रीवर पंचवीसेक मिनिटं. बारा तुकडे केले तर एक तुकडा ८० कॅलरींच्या आत. साखर आणखी कमी करून पाहिली, पण केक बसतो, कारण तो फेस धरून ठेवण्यात साखरेचाही हात असतो. व्हॅनिला इसेन्स घालायचा की नाही, त्यात अल्कोहोल असतं ना, यावर आमच्या घरात अर्धा तास चर्चा झाली. शेवटी वेलची घातली, जी तशीही जास्त चांगली लागते.

पाण्याचा म्हणजे कस्टर्ड. अर्धा लिटर टोन्ड दूध, तीन अंडी, ५० ग्रॅम साखर, जायफळ. छोट्या सहा वाट्यांत ओतून, गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून मंद भाजायचं. मधोमध किंचित थरथरत असतानाच बाहेर काढायचं. एका वाटीत १२० कॅलरी, आणि अंडं-दूध असल्यानं पोट भरतं. त्या वाटीनंतर आणखी काही खावंसं वाटत नाही, जे नानखटाईबद्दल मी कधीच म्हणू शकणार नाही.

आणि ओव्हनची गरजच नसलेलं चायना ग्रास. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी रमजानात फ्रिजमध्ये ते पांढरं ताट असतं! समुद्री शेवाळातून काढलेलं, त्यामुळे जिलेटिनसारखा हलाल-हरामचा प्रश्न नाही, आणि स्वतःच्या कॅलरी जवळजवळ नाहीतच. आपण त्यात कंडेन्स्ड मिल्कचा डबा ओततो, दोष तिथं आहे. मी अर्धा लिटर दूध आणि ४० ग्रॅम साखरेत करते, वर गुलाबपाणी आणि थोडे पिस्ते. आठ वड्या, एकेक साठच्या आसपास. इफ्तारला भजी आणि सरबतानंतर लोक ती आधी संपवतात. रोजे धरून वजन वाढतं कसं, असं दरवर्षी आश्चर्यानं विचारणाऱ्यांनी एकदा त्या भज्यांच्या तळणीत किती तेल संपतं तेही मोजावं. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, हे बयानात आपण मान डोलवत ऐकतो. इफ्तारच्या दस्तरखानावर श्वासाच्या हिश्श्यावर सगळ्यांत आधी अतिक्रमण होतं.

नानखटाईचा प्रश्न मात्र तसाच होता, आणि तो कॅलरीचा नव्हताच. गेल्या वर्षी शाबानमध्ये अम्मीचा झंपर शिवायला दोरा हवा म्हणून मी तिचा शिलाईचा डबा उघडला. दोऱ्याच्या रिळांखाली कागदात गुंडाळलेल्या पाच नानखटाया होत्या, बेकरीतल्या, विकतच्या. माझी अम्मी, बहात्तर वर्षांची, शेजारच्या पोराकडून नानखटाया मागवून लपून खात होती. कारण मी तिच्यासमोर वह्या घेऊन बसत होते आणि ती काही तोंडात टाकायला गेली की "अम्मी, शुगर" म्हणून ओरडत होते. मी डबा होता तसा बंद केला. दोरा बाजारातून आणला.

तिच्या पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी तिच्या गोळ्या, तिचं जेवण सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, जेवणानंतर लहानशी एखादी चालेल, पण मोजून, आणि लपून नको.

त्या रमजानात मी अम्मीला म्हटलं, तू तुझी नानखटाई कर. तूप तेवढंच, साखर तेवढीच, काही बदलायचं नाही. फक्त गोळे मी वळणार. आणि २५ ग्रॅमच्या जागी १२ ग्रॅमचे वळले. त्याच पिठात २८ ऐवजी ५८ झाल्या. एकीत ६३ कॅलरी. अम्मीनं पत्र्याकडे बघून कपाळाला हात लावला. "इत्तीसी? लोगां क्या बोलेंगे, कंजूस है बोलेंगे." बेकरीवाल्या चाचांनी वेगळीच तक्रार केली, की एवढ्या लहान नानखटाया बाकीच्यांबरोबर आत घातल्या तर करपतील. मग त्यांनीच आमचे पत्रे भट्टीच्या तोंडाशी ठेवले आणि लवकर ओढून घेतले. पहिला पत्रा तरीही थोडा काळा झाला. तो आमचा.

ईदच्या दिवशी ताट उलट जास्त भरलेलं दिसलं. पाहुणे दोन-दोन उचलत होते, आणि मोठ्या नानखटाईच्या वेळी जसे अर्धी खाऊन बशीत ठेवायचे तसं कुणी ठेवलं नाही. शीरखुर्मा मी छोट्या वाट्यांत दिला. एक खाला म्हणाल्या, "चव तीच आहे गं, तुझ्या अब्बांच्या वेळची." अम्मी काही बोलली नाही, पण दुपारी तिनं दुबईला भावाला व्हिडिओ कॉल लावून ताट दाखवलं.

उरलेल्या नानखटायांचा डबा आता ओट्यावर असतो, सगळ्यांसमोर. अम्मीनं स्वतःच एक पद्धत काढली आहे. भिंतीवरच्या चांद-तारखेच्या कॅलेंडरवर ती खाल्लेल्या प्रत्येक नानखटाईमागे पेन्सिलनं एक टिंब देते. बहुतेक चौकोनांत एक टिंब आहे. काहींत नाहीच. शव्वालच्या एका तारखेला मात्र तीन आहेत आणि शेजारी उर्दूत बारीक अक्षरात लिहिलंय, 'मेहमान'. त्या दिवशी आमच्याकडे कुणीही आलं नव्हतं. मला चांगलं आठवतंय, कारण त्याच संध्याकाळी मी चार खाल्ल्या होत्या.