तोडलेल्या भाजीचा श्वास

चि. सोनूस,


भाजी शेतातून तोडली तरी तिचे श्वसन थांबत नाही. साठलेली साखर खर्च होत राहते आणि पाणी उडून पाने मलूल पडतात. फ्रीजच्या थंडाव्याने हा व्यवहार फक्त मंदावतो. कोणत्या भाजीला किती थंडी आणि किती ओल मानवते, हे ओळखण्यावरच सारी साठवण अवलंबून असते.

फ्रीजचे तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. मागच्या भिंतीलगत गारवा जास्त. तिथे टेकलेली पाने गोठून काळी पडतात. दार सतत उघडत असल्याने त्यातल्या कप्प्यांत गारवा कमी. तळाच्या बंद खणात हवा कमी खेळते, ओलावा टिकतो, म्हणून बहुतेक भाज्यांची जागा तीच. मात्र तो ठासून भरू नये. दबलेली भाजी आधी कुजते.

सर्वांत नाजूक पालेभाज्या. मेथी, पालक, कोथिंबीर आणल्यावर जुडी सोडावी, पिवळी आणि सडकी पाने काढावीत, मुळे छाटावीत. धुणे मात्र शिजवण्याच्या वेळेपर्यंत लांबवावे, कारण पानांवर राहिलेल्या पाण्यात कुजवणारे जंतू वाढतात. पावसाळ्यात चिखल फार असेल, तर भाजी धुऊन सुती कापडावर पसरून पूर्ण कोरडी करावी. मग कोरड्या कापडात किंवा कागदात गुंडाळून डब्यात ठेवावी. कापड दमट झाले की बदलावे. मुळा आणि गाजर यांचा पाला लगेच वेगळा करावा, नाहीतर तो कंदातले पाणी ओढून घेतो. हिरव्या मिरच्या देठ काढून, कोरड्या करून डब्यात भराव्यात.

पिकलेली फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात. सफरचंद, पपई, आंबा, पिकलेला टोमॅटो यांच्या सहवासात पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते, म्हणून या फळांना वेगळा कप्पा द्यावा.

वांगी, भेंडी, काकडी या उष्ण हवेतल्या भाज्या. फार थंडीत त्यांच्या सालीवर खड्डे किंवा डाग पडतात आणि गर पाणचट होतो. त्या वरच्या कप्प्यात दाराच्या बाजूला ठेवून दोन-तीन दिवसांत संपवाव्यात. कच्चा टोमॅटो फ्रीजमध्ये नीट पिकत नाही. तो बाहेर पिकू द्यावा आणि पूर्ण पिकल्यावरच आत ठेवावा.

बटाटे, कांदे आणि लसूण फ्रीजबाहेरच बरे. थंडीत बटाट्यातील स्टार्चची साखर होते आणि तळताना काप लवकर करपतात. उजेडात तो हिरवा पडतो आणि त्यात विषारी द्रव्य वाढते, म्हणून त्याला अंधारी, हवेशीर जागा हवी. कांदा-लसूण कोरड्या, वारा लागणाऱ्या टोपलीत, बटाट्यापासून दूर ठेवावा.

चिरलेली भाजी झाकणबंद डब्यात ठेवून एक-दोन दिवसांत वापरावी. कच्चे मांस किंवा मासळी बंद डब्यात, भाजीला तिचे पाणी लागणार नाही अशा बेताने ठेवावी. मटार वर्षभरासाठी हवे असतील, तर सोललेले दाणे दीड मिनिट उकळत्या पाण्यात ठेवावेत, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत, कोरडे करून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवावेत. त्या उकळीने रंग आणि चव बिघडवणारी विकरे निष्क्रिय होतात.

कळावे,
मावशी