काल चालत होतं, मग आज का नाही?

"दूध संपव."
"साय आहे."
"आत्ताच काढली ना मी?"
"परत आली."

खाली शाळेची रिक्षा हॉर्न देत असते आणि वर हा वाद चाललेला असतो. आईला वाटतं, पोरगं निमित्तं शोधतंय. शोधत असतंच, पण त्याचं म्हणणं खरंही असतं. गरम दूध निवायला लागलं की त्यावर पुन्हा साय धरते. चार वर्षांच्या मुलानं ते नीट पाहिलेलं असतं आणि त्याच आधारावर ते भांडत असतं.

माझ्या मुलीशी माझे असे वाद रोज होतात. वेणी एवढी घट्ट का, दादाला आधी का वाढलं, काल चालत होतं ते आज का नाही. यातला शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कालचा नियम ध्यानात ठेवून तो माझ्या आजच्या वागण्याला लावून पाहायचा, याला बुद्धी लागते. विचारलं तर आई उत्तर देईल, हा भरवसाही लागतो. परक्या माणसासमोर हीच मुलगी गप्प उभी राहते.

म्हणून "बागुलबुवा येईल", "पोलिसांना बोलावते" ही उत्तरं मला मनापासून नकोशी वाटतात. वाद मिटतो, पण खोट्याच्या जोरावर. त्यापेक्षा "मला लोकल गाठायचीय, आत्ता वेळ नाही" हे खरं कारण मुलांना कळतं. पटत नाही, पण कळतं.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात पोहायला जायचं टाळून लपलेल्या श्यामला आई मारते. मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, हे त्यामागचं कारण तिच्या तोंडून येतं ते नंतर. त्या आईची माया सगळ्यांच्या लक्षात राहते. माझं मन मात्र या क्रमापाशी अडतं. कारण आधी सांगितलं असतं तर? श्याम कदाचित तरीही गेला नसता. तरी ते आधी सांगायला हवं होतं, असंच मला वाटतं.

आणि हे वाद आईच्याच वाट्याला का? आंघोळ, जेवण, अभ्यास, झोप, म्हणजे जिथे जिथे नकार द्यावा लागतो ती सगळी कामं तिच्याकडे असतात म्हणून. आमच्याकडे आता सकाळची आंघोळ आणि केस बाबाकडे आहेत. वेणी सैल येते. लेक त्याच्याशीही भांडते, आणि तोही तिला कारणं द्यायला शिकतोय.