आवाज जरा बारीक कर की!

आमच्या घरात हेडफोन आला तो संगीतासाठी, असं मी सगळ्यांना सांगतो. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की मला अण्णांच्या टीव्हीपासून सुटका हवी होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी. वडगावात आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगाला चार माग होते. सकाळी सातला मोटर सुरू झाली की रात्री आठपर्यंत खडखडाट. अण्णांनी त्या खडखडाटात जवळजवळ चाळीस वर्षं काढली. मागावर माणसं तोंडानं कमी आणि खुणेनं जास्त बोलतात. चहा हवा, कांडी संपली, धोटा अडकला, सगळ्याला खूण ठरलेली. आणि त्या गोंगाटातही भिंतीवरच्या फळीवर रेडिओ चालू असायचा. सकाळी धारवाड, दुपारी सांगली, रात्री विविध भारती. वचनं, भावगीतं, नाट्यगीतं, कन्नड-मराठी असा भेद त्या रेडिओला ठाऊक नव्हता. आवाज मात्र कायम शेवटच्या टोकाला, कारण त्याशिवाय मागावर काही ऐकूच येत नसे.

पुढे साड्यांचा धंदा बसत गेला आणि एकेक माग भंगारात गेला. रेडिओही गेला. पण आवाज शेवटच्या टोकाला ठेवायची सवय राहिली, ती टीव्हीवर आली. संध्याकाळी सहापासून कीर्तन, बातम्या, मालिका. समोरच्या घरातली माणसं आमच्याच टीव्हीवर बातम्या ऐकत असावीत. सौ. स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर ठरवलं होतं, आता रोज तासभर निवांत गाणं ऐकायचं. कुमार गंधर्व म्हणजे आमच्याच भागातले, १९२४ साली सुळेभावीत जन्मलेले. त्यांची सगळी ध्वनिमुद्रणं ओळीनं ऐकायची, असा बेत होता. पहिल्याच आठवड्यात कुमारांच्या तानेवर मालिकेतल्या सासूचा आरडाओरडा चढला आणि मी बाजारात जाऊन हेडफोन आणला.

तो पहिला हेडफोन म्हणजे शुद्ध फसवणूक होती, आणि निम्मी चूक माझी होती. खडेबाजारातल्या दुकानदारानं विचारलं, 'सर, बेस पाहिजे ना?' मी हो म्हटलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात '२० ते २०,००० हर्ट्झ' असं छापलेलं होतं. साडेचारशे रुपयांत एवढं सगळं! घरी येऊन लावला तर तबल्याचा बायाँ घुमतोय जसा लग्नातला डीजे, आणि तानपुरा नाहीच. मुळी नाहीच. कुमार कुठल्या तरी विहिरीतून गात होते. पंधरा मिनिटांत चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. दोन महिन्यांत पिनेपाशी वायर तुटली आणि उजवा कान बंद झाला.

मग मी शिक्षकी वळणानं अभ्यासाला बसलो. पुण्याला नोकरी करणारी थोरली लेक फोनवरून शिकवायची आणि मी जुन्या वहीत टिपणं काढायचो. ती टिपणं इतरांच्याही उपयोगी पडतील म्हणून थोडक्यात सांगतो.

खोक्यावरचे आकडे बहुतेक शोभेचे असतात. धडधाकट तरुण माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकतो, म्हणून प्रत्येक कंपनी तेच छापते. त्या पट्ट्यात कुठला आवाज वाढवलाय आणि कुठला दाबलाय, हे तो आकडा सांगत नाही. आत बसवलेल्या पडद्याचा व्यास चाळीस मिलिमीटर की पन्नास, यावरूनही गाण्याची गोडी ठरत नाही. बघायचा असेल तर एकच आकडा बघावा, ओहमचा. १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन साध्या फोनवर सहज वाजतो. स्टुडिओत वापरतात तसा २५० ओहमचा घेतलात तर फोनवर तो कुजबुजल्यासारखा ऐकू येईल आणि त्याला वेगळा अॅम्प्लिफायर घ्यावा लागेल.

दुसरी गोष्ट बसणीची. कानात खोचायचे, कानावर टेकणारे आणि पूर्ण कान झाकणारे असे तीन प्रकार. कानात खोचायच्यांबरोबर रबराच्या लहान-मध्यम-मोठ्या अशा टोप्या येतात. त्या बदलून बघायचा बहुतेकांना कंटाळा येतो. पण टोपी कानाशी नीट बसली नाही तर खालचे सूर गळून जातात, आणि लोक हेडफोनला नावं ठेवतात. कानावर टेकणारे हलके, पण चष्मा असेल तर तासाभरात दुखतात. कान झाकणारे सगळ्यांत आरामशीर, पण एप्रिल-मेमध्ये कानाला घाम फोडतात. झाकणाऱ्यांतही उघड्या जाळीचे आणि बंद असे दोन. उघड्यांत गाणं मोकळं, समोर बैठक भरल्यासारखं वाटतं. पण आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. आमच्या घरी टीव्ही होता, म्हणून माझ्यासाठी बंद.

तिसरा प्रश्न वायरचा. २०१६ साली अॅपलनं आपल्या आयफोनमधली हेडफोनची गोल खोबण काढून टाकली आणि हळूहळू इतरही बहुतेकांनी तेच केलं. त्यामुळे ब्लूटूथ सोयीचं झालं हे खरं. पण ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये बॅटरी असते आणि बॅटरीला वय असतं. कानात खोचायच्या चिमुकल्या जोडीतली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलून मिळणं कठीण. वायरचा हेडफोन नीट वापरला तर दहा वर्षंही चालतो. त्यातही वायर काढता-लावता येणारा असेल तर उत्तम, तुटली की नुसती वायर बदलायची. फोनला खोबण नसेल तर टाइप-सीचा छोटा जोड मिळतो. घरी एका खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला वायर आड येत नाही. चालायला जाणाऱ्यानं खुशाल ब्लूटूथ घ्यावा. बाहेरचा आवाज मारणारा हेडफोन मला मोहात पाडत होता, पण त्याची करामत बसच्या इंजिनासारख्या किंवा पंख्यासारख्या सलग घुमणाऱ्या आवाजावर चालते. मालिकेतल्या सासूवर तितकी नाही.

आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची. ऐकून बघायचं ते आपलं रोजचं, पाठ असलेलं गाणं. दुकानदार लावतो ते नव्हे. मी कुमारांचंच एक मुद्रण घेऊन गेलो. आधी नुसता तानपुरा ऐकायचा. जवारी नीट लागलेल्या तारेतून एकाच वेळी अनेक सूर वर उमलत असतात. ते वेगवेगळे ओळखू आले पाहिजेत. मग बायाँ. त्याचा घुमारा तानपुऱ्यावर सांडता कामा नये. मग शब्दांतले 'स' आणि 'श'. ते सुईसारखे टोचले तरी वाईट आणि बोथट झाले तरी वाईट. दोन हेडफोन ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवायचा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. शेवटी तो डोक्यावर ठेवून निदान वीस मिनिटं बसायचं. दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी.

अशा चार दुकानांच्या फेऱ्या झाल्यावर सोळाशे रुपयांचा, कान झाकणारा, वायरचा, साधा काळा हेडफोन घेतला. दिव्यांची रोषणाई नाही, खोक्यावर 'बेस' शब्द नाही. त्या रात्री कुमारांच्या मागे दोन तानपुरे आहेत हे मला कळलं. ते मुद्रण मी तीस वर्षं ऐकत होतो.

इथं लेख संपायला हरकत नव्हती. पण एका संध्याकाळी वीज गेली, टीव्ही बंद पडला आणि अण्णा माझ्या समोर येऊन बसले. 'काय ऐकालास?' त्यांनी विचारलं. मी हेडफोन काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. नाट्यगीत लावून दिलं, मागावरच्या रेडिओवर लागायचं त्यांपैकीच एक. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल.

अण्णांनी खुणेनं सांगितलं, वाढव. मी वाढवला. पुन्हा खूण, अजून. फोननं इशारा दिला, तोही ओलांडला. शेवटी टोक आलं. पाच फुटांवर बसलेल्या मला बंद हेडफोनमधून गाण्याचा शब्दन् शब्द ऐकू येत होता, आणि अण्णा मान हलवत म्हणाले, 'आवाज येतंय बघ, शब्द येत न्हाईत. कायबी कळंना.' थोड्या वेळानं त्यांनीच हेडफोन काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'चांगला हाय की. तू ऐक.'

त्यांना वाईट वाटू नये म्हणून माणसं लहान मुलाशी बोलतात, तसं ते माझ्याशी बोलले. मला फार लाज वाटली. दोन महिने मी हेडफोनचे 'स' आणि 'श' तपासत हिंडत होतो, आणि घरातल्या माणसाचे 'स' आणि 'श' कधी गेले याचा मला पत्ता नव्हता. पत्ता नव्हता म्हणण्यापेक्षा, त्या आवाजाचा मी फक्त त्रास करून घेतला होता. तो मोठा का आहे, हे विचारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी कान तपासणाऱ्यांकडे गेलो. काचेच्या बंद खोलीत अण्णांच्या डोक्यावर पुन्हा एक हेडफोन चढला. बारीक 'टीं' ऐकू आलं की बटण दाबायचं. कागदावर आलेख उमटला तो चोर्ल्याचा घाट उतरावा तसा. खालचे सूर बरे, वरचे जवळजवळ नाहीतच. तपासणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं. स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या सुरांत असते. ते गेले की माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. मग माणूस आवाज वाढवतो, त्यानं खालचे सूरच मोठे होतात आणि शब्द आणखी बुडतात. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी गोंगाटानं मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. 'काम काय करत होते?' बाईंनी विचारलं. माग म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे : ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलचा मात्र आठवड्याला फक्त ४ तास. मागाच्या खोलीत आवाज नव्वदच्या वरच असतो, आणि अण्णा तिथं दिवसाचे दहा-बारा तास उभे असत. आमची शिक्षणं, बहिणीचं लग्न, हे घर, सगळं त्या आवाजातून उभं राहिलं.

बाई म्हणाल्या, आता आलाच आहात तर तुम्हीही बसा. माझ्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी एक खड्डा निघाला. लहान आहे, पण आहे. गोंगाटानं बिघडणारा कान बहुधा तिथूनच बिघडायला लागतो, असं त्या म्हणाल्या. लहानपणी मागाशेजारी बसून अभ्यास केला, ते कारण असेल. ऐंशीच्या दशकात मामेभावानं दुबईहून आणलेला वॉकमन मी महिनाभर पूर्ण आवाजात ऐकला, तेही असेल.

तेव्हा माझ्या वहीतलं शेवटचं टिपण हे. हेडफोन कितीही चांगला असो, आवाज साठ टक्क्यांच्या आसपास ठेवावा. तासाभरानं कानाला विश्रांती द्यावी. समोरच्यानं हाक मारली तर ऐकू आली पाहिजे. चांगल्या हेडफोनचा खरा फायदाही हाच, की तो कमी आवाजात सगळं ऐकवतो. खराब हेडफोनमध्ये तानपुरा शोधायला आवाज वाढवावा लागतो. आणि घरात कुणी टीव्ही मोठा करत असेल, तर हेडफोन घ्यायच्या आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

अण्णांना श्रवणयंत्र घेतलं. त्याला सोळाशेच्या कितीतरी पट पैसे पडले. पहिले पंधरा दिवस ते वैतागले. पंख्याला एवढा आवाज असतो? कुकर असा ओरडतो? सुनेच्या बांगड्यांचा आवाज आल्यावर मात्र गप्प झाले. गेलेलं सगळं परत आलेलं नाही, येणारही नाही. गर्दीत अजून त्यांना शब्द सापडत नाहीत. पण समोर बसून बोललं तर सापडतात.

माझा हेडफोन रात्री दहानंतर कामाला येतो. संध्याकाळी तो खुंटीवर असतो, कारण सहा ते सात आम्ही दोघं छोट्या स्पीकरवर एकत्र ऐकतो. परवा मी त्यांच्यासाठी म्हणून सवयीनं आवाज वाढवला, तर अण्णा म्हणाले, 'बारीक कर की रे जरा. मला काय ऐकू येत न्हाई व्हय?'